माहेर की सासर?

प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाशी दोन शब्द झाले की तो हमखास विचारतो, "गाव कुठलं आपलं?"

"पारोळा."

"पारोळा... म्हणजे नेमकं कुठे आलं?"

मग मी सांगतो. धुळ्याहून जळगावला निघालात की वाटेत लागतं. तिथून पुढे एरंडोल. बाजूला अमळनेर. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे रेल्वेने हिंडणाऱ्या माणसाला आमचं गाव माहीत असायचं काही कारणच नाही. एस.टी.ने जाणाऱ्याला मात्र माहीत असतं, कारण स्टँडवर गाडी थांबते आणि कंडक्टर चहाला जातो! नॅशनल हायवे नंबर ६ ज्याला म्हणायचे (हल्ली त्याचा नंबर ५३ झालाय) तो आमच्या गावावरून जायचा आणि त्या रस्त्यावर रात्रभर ट्रक चालायचे. लहानपणी मला त्या आवाजाशिवाय झोप लागत नसे. पुढे पुण्यात शिकायला गेलो तेव्हा पहिले आठ दिवस शांततेमुळे झोप आली नाही.

एवढं सांगूनही समोरच्याचा चेहरा कोराच राहिला, की पूर्वी मी हुकमाचा पत्ता काढायचो. "अहो, झाशीच्या राणीचं माहेर!" लगेच चेहरा खुलायचा. "असं होय! वा वा!" आणि मग मलाही जरा ताठ बसल्यासारखं वाटायचं.

आयुष्याची पहिली वीस वर्षं मी हा पत्ता बिनधास्त खेळलो. नंतर खेळणं बंद केलं. का बंद केलं, ते आज लिहायचं आहे. खूप दिवस मनात होतं.

आमचं घर किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. पारोळ्याचा किल्ला म्हणजे डोंगरावरचा किल्ला नव्हे. भुईकोट, आणि तोही भर गावात, बाजाराला खेटून. भोवती खंदक, दगडी तट, बुरूज. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवायला नेणं हे घरातल्या पोरांचं काम. आत महादेवाचं देऊळ आहे, तिथे आधी पाया पडायचं, मग तटावर चढायचं. तटावरून गाव दिसायचं. घरांचे पत्रे, धाब्याची घरं, देवळांची शिखरं, आणि लांबवर कपाशीची शेतं.

पाहुण्याला दाखवायची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे भुयार. हे भुयार गावाबाहेर कोसभर लांब असलेल्या नागेश्वराच्या देवळात निघतं, असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. कोणी आत जाऊन पाहिलं होतं का? छे! पण प्रत्येकाच्या कोणत्या ना कोणत्या काकाने एक शेळी आत सोडली होती आणि ती नागेश्वराला निघाली होती. दरवेळी शेळीच का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि भुयारानंतरचं वाक्य ठरलेलं. "राणी लहान असताना याच भुयारातून घोड्यावर बसून देवदर्शनाला जायची."

हे मला आजीने सांगितलं होतं. आजी तशी निरक्षर, पण सांगायला बसली की ऐकत राहावं. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती मात्र शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. "राणी आपला गावनी लेक शे," असं ती म्हणायची. 'होती' नाही, 'शे'. म्हणजे आहे! जणू परवाच सासरी गेली आहे आणि येत्या आखाजीला परत यायची आहे.

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी आमरस खातात आणि सोनं घेतात. आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. कितीही लांब दिली असली तरी लेक आखाजीला माहेरी यायची म्हणजे यायचीच. झाडांना झोके बांधायचे, गौराई मांडायची, गाणी म्हणायची. पुरणाचे मांडे खापरावर भाजले जायचे. माझी आत्या शिरपूरकडे दिलेली होती. ती आली की पहिल्या दिवशी कोणाशी काही बोलायची नाही, नुसती झोपायची. आजी आम्हाला दटावायची, तिला उठवू नका रे. वर्षभराची झोप ती चार दिवसांत काढायची. लेक निघताना तिला लुगडं-चोळी देऊन पाठवायचं. आजोबा लुगड्यांच्या एका दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे आत्याचं लुगडं मात्र नेहमी चांगलं असायचं. पारोळ्याची लुगडी एके काळी नावाजलेली होती. गुरांचा बाजार, कापूस, धान्य आणि लुगडी, एवढ्यावर आमचं गाव जगलं.

एका आखाजीला मी आजीला विचारलं होतं, की झाशीची राणी पण आखाजीला यायची का? आजी म्हणाली, येत असेल ना, लेकच ती. मला ते पटलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर राणी घोड्यावरून हायवेने येताना दिसायची.

शाळेत तर प्रश्नच नव्हता. हिंदीच्या पुस्तकात सुभद्राकुमारी चौहानांची कविता होती. आमचे इतिहासाचे सर ती स्वतः म्हणून दाखवायचे, खरं तर तो तास त्यांचा नसायचा. म्हणून झाली की म्हणायचे, "पोरांनो, ही आपल्या गावची." सर फार चांगले शिकवायचे. मला इतिहासाची जी काही गोडी लागली ती त्यांच्यामुळे. त्यांच्याबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता थोडा इतिहास.

१८८० साली इंग्रज सरकारने काढलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये पारोळ्याची नोंद आहे. त्यात सांगितलं आहे की पारोळा हे मूळचं जेमतेम पन्नास घरांचं खेडं. हरि सदाशिव दामोदर नावाच्या जहागीरदाराने त्याला तटबंदी घातली आणि त्याचं गाव केलं. किल्लाही त्यानेच बांधला, साल १७२७. तेव्हा पुण्यात थोरले बाजीराव पेशवे होते आणि शनिवारवाड्याचा पायासुद्धा घातला गेला नव्हता. म्हणजे आमचा किल्ला शनिवारवाड्यापेक्षा जुना! (हे वाक्य पुण्यात असताना मी बऱ्याच वेळा वापरलं आहे.) किल्ला खानदेशातल्या उत्तम बांधकामांपैकी एक, असंही त्या इंग्रजाने मोकळ्या मनाने लिहून ठेवलं आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा इथला पहिला पोलिटिकल एजंट. फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. प्रदेश ताब्यात घेणं सोपं गेलं नाही. मालेगाव, अमळनेर अशा किल्ल्यांतून अरब शिबंदीने इंग्रजांशी झुंज दिली. १८२१ साली या ब्रिग्जला ठार मारण्याचा प्रयत्न झाला, तो कुठे? आमच्या पारोळ्यात! पुढे १८५७ च्या धामधुमीत पारोळ्याचे जहागीरदार लालू भाऊ इंग्रजांच्या विरोधात गेले असं ठरवलं गेलं. १८५९ मध्ये सरकारने जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला. आज आपण बघतो ते मोडल्यानंतर उरलेलं आहे.

हे सगळं मला शाळेत असताना माहीत नव्हतं. राणी माहीत होती, जहागीरदार माहीत नव्हते. गावात कोणी त्यांचं नावही घेत नसे. किल्ला कोणी बांधला असं विचारलं तर उत्तर यायचं, "राणीच्या वडिलांचा आहे."

मी बी.ए.ला धुळ्याला होतो. धुळं म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचं गाव. ते १९२६ च्या अखेरीस तिथेच गेले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. अशा गावात इतिहास शिकणाऱ्या पोराला जुन्या कागदांचं वेड लागलं नाही तरच नवल. दुसऱ्या वर्षाला असताना दत्तात्रय बळवंत पारसनिसांचं राणी लक्ष्मीबाईचं चरित्र हाती आलं. १८९४ साली निघालेलं पुस्तक, म्हणजे राणीला पाहिलेली माणसं जिवंत असतानाचं. मी ते उघडलं ते गावाचं नाव शोधायला. माहेरच्या प्रकरणात पारोळा असणार, अशी माझी खात्री होती.

त्या पुस्तकातून आणि नंतर चार-पाच वर्षं जे जे मिळेल ते वाचून माझ्या हाती जे लागलं ते असं.

राणीचे वडील मोरोपंत तांबे. तांब्यांचं घराणं मूळ वाईकडचं. दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा काशीला जाऊन राहिला होता, मोरोपंत त्याच्या पदरी होते. राणीचा जन्म काशीचा, आईचं नाव भागीरथीबाई. मुलगी चार वर्षांची असेल-नसेल तोच आई गेली. चिमाजी आप्पाही वारला. मग मोरोपंत मुलीला घेऊन ब्रह्मावर्ताला, बाजीरावाच्या आश्रयाला आले. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधररावांशी तिचं लग्न झालं आणि मोरोपंतही मुलीपाठोपाठ झाशीला जाऊन राहिले. काशी, ब्रह्मावर्त, झाशी. या सगळ्या वाटेवर पारोळा कुठेच नाही.

पारोळा आहे तो दुसरीकडे. झाशीचे राजे हे नेवाळकर. नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या, लांज्याजवळच्या कोट गावचे. पेशवाईत कोकणातली किती तरी घराणी नशीब काढायला घाट चढून वर आली, तसे हेही वर आले आणि खानदेशात स्थिरावले. कुठे? तर पारोळ्याला. त्यांच्यातलेच रघुनाथ हरि नेवाळकर १७७० च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीला गेले. त्यांचे भाऊ शिवराव भाऊ, आणि शिवराव भाऊंचे चिरंजीव गंगाधरराव. म्हणजे राणीचे यजमान. एक शाखा झाशीला राज्य करत होती आणि एक शाखा मागे पारोळ्यालाच राहिली.

आता किल्ला बांधणाऱ्याचं नाव पुन्हा वाचा. हरि सदाशिव दामोदर. नेवाळकरांच्या घरात हीच तीन नावं पिढ्यान् पिढ्या फिरून फिरून येतात. गंगाधरराव आणि राणी यांना १८५१ मध्ये मुलगा झाला आणि तीनेक महिन्यांत गेला, त्याचं नाव दामोदर. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला, त्याचंही नाव ठेवलं दामोदर. पुतळ्यांत राणीच्या पाठीशी बांधलेला मुलगा असतो, तो हा. ज्या नावाच्या घराण्याने आमच्या गावाला तट घातला, तेच नाव राणी पाठीला बांधून झाशीच्या तटावरून खाली उतरली.

थोडक्यात काय, तर पारोळा हे राणीचं माहेर नव्हे. सासर. तेही आजेसासऱ्यांच्या मुळाचं गाव.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे जे निघालं त्याने मला खरोखर अस्वस्थ केलं.

गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ च्या सुरुवातीला झाशी खालसा केली. हे आपण सगळे शाळेत शिकतो. पण त्या वेळी झाशीवर हक्क सांगणारी राणी एकटी नव्हती. पारोळ्याच्या शाखेतले सदाशिवराव नारायण नावाचे गृहस्थ म्हणत होते की जवळचा पुरुष वारस मी आहे, तेव्हा गादी माझी. इंग्रजांनी त्यांचंही ऐकलं नाही. त्यांना कोणालाच गादी द्यायची नव्हती.

मग जून १८५७ उजाडला. झाशीच्या छावणीतल्या पलटणी उठल्या, ८ जूनला जोखनबागेत इंग्रजांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीच्या वाटेला लागले. शहर राणीच्या हाती आलं. तिजोरी रिकामी, फौज नाही, इंग्रजांचा संशय, शेजारी संस्थानिक टपून बसलेले. बाई विशी ओलांडलेली किंवा जेमतेम तिशीची (तिच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही). अशा वेळी पाच दिवसांच्या आत पहिला घाव कोणी घातला? सदाशिवराव नारायणांनी. झाशीपासून वीसेक कोसांच्या आत असलेला करेऱ्याचा किल्ला त्यांनी घेतला आणि आपण झाशीचे महाराज झालो असं जाहीर केलं. राणीने फौज जमवून पाठवली, त्यांना हुसकावलं. ते शिंद्यांच्या हद्दीत नरवरकडे पळाले, तिथून पुन्हा खटपट केली, तेव्हा राणीने त्यांना पकडून झाशीच्या किल्ल्यात कैदेत टाकलं.

म्हणजे राणीने गाजवलेली पहिली लढाई इंग्रजांशी नव्हती. ती भाऊबंदकीची होती. आणि समोरचा माणूस आमच्या गावच्या घराण्यातला होता!

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. त्या वयात माणसाला आपल्याला काहीतरी कळलं की ते लगेच दुसऱ्याला सांगायचं असतं, आणि शक्यतो चारचौघांत. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक छोटासा कार्यक्रम होता, सर अध्यक्ष होते. सरांनी भाषणात नेहमीप्रमाणे राणीच्या माहेराचा उल्लेख केला. नंतर माझी दोन शब्द बोलायची पाळी आली. मी दोन शब्दांऐवजी वीस मिनिटं बोललो. काशी, ब्रह्मावर्त, कोट, नेवाळकर, करेरा, सगळं. सनावळीसकट. शेवटी म्हणालो की आपण इतकी वर्षं चुकीचा इतिहास सांगत आलो आहोत, आणि अभिमान बाळगण्याऐवजी खरं तर आपण राणीची माफी मागायला हवी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर काही बोलले नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "खूप वाचलंस रे," असं म्हणाले आणि गेले. बस्स, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी त्यांच्या घरी जायचं टाळलं. जाऊ जाऊ म्हणता ते गेल्याचंच कळलं. मी सांगितलेलं खोटं नव्हतं. पण ज्या माणसाने मला वाचायला लावलं त्यालाच मी ते वाचलेलं फेकून मारलं. त्यांच्या घरी जाऊन, पायाशी बसून, "सर, हे असं असं सापडलं, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारता आलं असतं. ते माझ्यापेक्षा जास्त रमले असते त्यात. हे आता कळतं.

त्याच रात्री आजीलाही सांगितलं होतं. ती अंगणात बाजेवर बसली होती. मी म्हटलं, आजी, राणी आपल्या गावची लेक नाही, सून आहे. आणि सूनही लांबची. आजीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"सून बी कोनी तरी लेकच ऱ्हास ना रे भाऊ!"

सून पण कोणाची तरी लेकच असते ना. मी तेव्हा हसलो होतो. म्हातारीला मुद्दा कळला नाही असं वाटलं. मुद्दा मला कळला नव्हता, हे उमगायला बरीच वर्षं जावी लागली.

मध्ये नोकरीनिमित्त पंधरा-वीस वर्षं गावाबाहेर होतो. या काळात विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' पुन्हा वाचलं. हे वरसईचे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि नेमके झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी राणीला पाहिलं, राणीच्या वडिलांनाही. मोरोपंतांचं काय झालं ते आपण फारसं आठवत नाही. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा ते बाहेर निसटले, पण पकडले गेले, आणि इंग्रजांनी त्यांना त्याच महिन्यात फाशी दिलं. त्यानंतर दोन महिन्यांनी, जूनमध्ये, ग्वाल्हेरजवळ राणी पडली.

ते वाचताना एकदम आखाजीची आठवण झाली. या बाईला आई आठवत नसणार. जन्मगाव कळायच्या वयाच्या आधीच सुटलेलं. ब्रह्मावर्ताचं घर दुसऱ्याच्या आश्रयाचं. बाप लेकीच्या सासरी येऊन राहिलेला. म्हणजे आखाजीला जायचं तर जायचं कुठे? चार दिवस कोणाशी न बोलता नुसतं झोपून राहायला तिला जागाच नव्हती. माझ्या आत्याला होती. राणीला नव्हती.

आणि मग वाटलं, की आमच्या गावाने केलं ते काय केलं? १८५९ नंतरचं पारोळं डोळ्यांसमोर आणा. जहागीर गेली. किल्ला मोडला. जहागीरदारांचं नाव घेणं म्हणजे सरकारी रोष ओढवून घेणं. अशा गावात बायका जात्यावर, झोक्यावर काय सांगत असतील? आपल्या मालकांच्या घराण्यातली ती एक होती, लढून मेली, एवढं त्यांना माहीत. नातं नक्की कसं, हे कोणाला विचारणार? सासरच्या माणसांनी तिला कसं वागवलं याची थोडीफार कुणकुण असेलही. सासरचं गाव म्हणवून घेण्यासारखं काही त्यात नव्हतं. मग त्यांनी तिला लेक करून घेतलं. जिला माहेर नाही तिला माहेर दिलं. लेक म्हटलं की तिचं दुःख आपलं होतं, सून म्हटलं की ते दुसऱ्याच्या घरचं राहतं. हा माझा अंदाज आहे, याला कागद नाही. पण मला आता असंच वाटतं.

तिकडे कोटची मंडळी राणीला आपली सून म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. नेवाळकर तिथलेच. आमचंही तसंच, नेवाळकर कोटहून झाशीला गेले ते आमच्या गावावरून. फक्त आम्ही नातं बदलून घेतलं.

याचा अर्थ चुकीचा इतिहास सांगत राहावा असा नाही. तसं मी अजूनही म्हणणार नाही. उलट मला वाटतं की पारोळ्याच्या पोरांना सदाशिवराव नारायण शाळेतच शिकवावेत. आपल्या गावातून फक्त शूर माणसं निघाली नाहीत, संकटात सापडलेल्या नात्यातल्या बाईचं राज्य बळकावू पाहणारा माणूसही निघाला, हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं. १८५७ मध्ये लालू भाऊ एका बाजूला आणि सदाशिवराव दुसऱ्याच खटपटीत, एकाच घराण्यात. गाव म्हणजे हे सगळं मिळून. किल्ला राणीच्या वडिलांचा म्हटल्याने हरि सदाशिव दामोदराचं नाव पुसलं गेलं, ज्याने पन्नास घरांच्या खेड्याचं गाव केलं, त्याचंही कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं. त्याने तट घातला नसता तर आमचं घर तिथे नसतं आणि मी हे लिहीत बसलो नसतो.

हल्ली वर्षातून दोनदा गावी जाणं होतं. एकदा नवरात्राच्या सुमारास, बालाजीची वहनं आणि दसऱ्यानंतरचा रथ बघायला. रथाच्या चाकाला मोगरी लावणारी माणसं बघितली की अजूनही छातीत धडधडतं. आणि एकदा आखाजीला. आत्या आता नाही. झोकेही कमी झालेत. मांडे मात्र अजून मिळतात, खापरावरचेच.

दरवेळी किल्ल्यात एक चक्कर टाकतो. भोवती दुकानांची इतकी गर्दी आहे की नवख्या माणसाला दरवाजा सापडत नाही. खंदकात कचरा. तटावर बाभळी. मोडायचं काम १८५९ मध्ये इंग्रजांनी सुरू केलं, उरलेलं आपण हळूहळू पूर्ण करतो आहोत. मी दरवेळी हळहळतो, महादेवाला नमस्कार करतो आणि परत येतो. याच्यापलीकडे मीही काही केलेलं नाही, हे कबूल करायला हवं.

गेल्या आखाजीला पुतण्याच्या मुलीला घेऊन गेलो होतो. सात वर्षांची आहे, पुण्यात वाढते. तटावर चढून झालं, भुयार दाखवून झालं. (शेळीची गोष्ट सांगितली. सांगायलाच हवी.) मग तिने विचारलं, "आजोबा, पप्पा म्हणतात झाशीची राणी इथली आहे. खरं का?"

मी तटावर बसलो, तिला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. काशीला जन्मलेली मुलगी, आई नसलेली. कोकणातून आलेलं घराणं. आपल्या गावातून झाशीला गेलेले लोक. तिच्यावर चालून गेलेले सदाशिवराव. तिने सगळं नीट ऐकलं. मध्ये दोनदा "मग?" म्हणाली. शेवटी विचार करून म्हणाली, "म्हणजे ती इथे कधी आलीच नव्हती?"

म्हटलं, "नाही, ती इथे वाढली नाही. पण तुझी खापरपणजी म्हणायची की ती आपली लेक आहे."

हे सांगताना मला सरांची फार आठवण झाली. त्यांच्यासमोर असंच बसून सांगायला हवं होतं.

असो. पुढच्या वेळी गाडीत कोणी विचारलं, गाव कुठलं, तर मी काय सांगतो? "पारोळा. धुळ्याच्या पुढे. झाशीच्या राणीच्या सासरचं मूळ गाव." समोरचा म्हणतो, "अरे, मी तर माहेर ऐकलं होतं!" मग मी म्हणतो, "बसा, सांगतो. जळगाव यायला अजून वेळ आहे."